जुना काँबिनेशन रंधा मध्येच अडतो, खाच तिरकी जाते: आधी काय तपासायचं, मग काय

काँबिनेशन रंधा म्हणजे पाती बदलून खाचा आणि कंगोरे मारता येतात असा एकच रंधा. तो जुना घेतलेल्या माणसाचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं. सुरुवातीचे दोन-चार छिलके छान निघतात, मग रंधा जड होतो, अडतो, आणि जोर लावला की उडी मारून खाचेच्या कडेचा टवका काढतो. यानंतर लोक पात्याला दोष देतात, नाहीतर विकणाऱ्याला. मी हे रंधे बऱ्याच वर्षांपासून उघडतो, जुळवतो आणि परत देतो. मोडलेला रंधा क्वचित असतो, चुकीचा जुळवलेला जवळजवळ नेहमी.

कारण याची रचनाच तशी आहे. स्टॅन्ले ४५ घ्या (१८८०च्या दशकापासून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत होता), त्याचा थोरला भाऊ स्टॅन्ले ५५ घ्या (१८९७ पासूनचा), किंवा त्याच धाटणीचा रेकॉर्ड ४०५. मुख्य बॉडी, तिच्या तळाशी पातळ लोखंडी पट्टी म्हणजे स्केट, दोन रॉडवर सरकणारा दुसरा भाग आणि त्याचा स्वतःचा स्केट, त्याच रॉडवर फेन्स, म्हणजे फळीच्या काठाला टेकून अंतर राखणारा भाग, आणि मध्ये पातं. साध्या रंध्याला एक सलग तळ असतो. इथे तळ नाहीच. दोन अरुंद पट्ट्या आहेत, आणि त्या एकमेकींना समांतर राहतात त्या फक्त स्क्रूच्या भरवशावर. प्रत्येक स्क्रू थोडीथोडी चूक करतो आणि सगळ्या चुका खाचेत जमा होतात.

लक्षणं नीट बघून घ्या

तपासणी सुरू करण्याआधी टाकाऊ, सरळ रेषेच्या (म्हणजे सरळ तंतूंच्या), मऊ लाकडावर एक खाच मारा आणि नेमकं काय होतंय ते पाहा. "चालत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही.

खाच तीन-चार मिलिमीटर खोल गेल्यावर रंधा आवळल्यासारखा होतो आणि मागे घेताना हिसका द्यावा लागतो: स्केट खाचेच्या भिंतीला घासतोय. पात्याची बाजू किंवा फेन्स.

काही छिलके निघाले आणि मग एकदम काहीच निघेना, रंधा नुसता गुळगुळीत सरकतो: काहीतरी लाकडावर टेकलंय. दुसरा स्केट, डेप्थ स्टॉप (ठरलेल्या खोलीवर रंधा थांबवणारा भाग), किंवा पात्याचा चुकीचा कोन.

खाचेचा तळ एका बाजूला उतरता: पात्याची धार स्केटला समांतर नाही, किंवा तुमचा हात रंधा कलता धरतोय.

काठापासूनचं अंतर सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरं: फेन्स, किंवा डावा हात.

एक भिंत स्वच्छ आणि दुसरी केसाळ: लाकडाची रेषा. कधीकधी पात्याचा एकच कोपरा बोथट.

तळावर आडव्या लाटा आणि थरथर: पातं ढिलं किंवा फार बाहेर.

छिलके अडकून गोळा होणं हे वेगळं लक्षण आहे, त्याबद्दल खाली.

सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी: लाकूड आणि हात

साध्या रंध्यात पात्याच्या पुढे अरुंद तोंड असतं, वर कॅप आयर्न, म्हणजे पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी, असते. दोघं मिळून तंतू दाबून धरतात आणि उपटू देत नाहीत. काँबिनेशन रंध्यात यातलं काहीच नाही. पात्यापुढे मोकळी जागा. त्यामुळे उलट्या रेषेचं लाकूड हा रंधा फाडणारच, तो कितीही चांगला जुळवलेला असो. फळीच्या बाजूवर बघा: रेषा तुमच्या ढकलण्याच्या दिशेने वर चढत गेलेल्या हव्यात. फेन्स साधारणपणे डावीकडे असते, म्हणून रंधा उलटा फिरवणं सोयीचं नसतं. फळीच उलटवावी लागते, किंवा खाच दुसऱ्या काठावरून मोजावी लागते. डावखुऱ्यांना हे रंधे त्रासच देतात.

शिकताना गाठी असलेलं, वळणदार रेषेचं किंवा अतिशय कठीण लाकूड घेऊच नका. आणि खाचेच्या दोन्ही कडा आधी मार्किंग गेजने किंवा सुरीने आखून, म्हणजे खरोखर तंतू कापून घ्या. हे काम मिनिटाचं आहे आणि केसाळ कडांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

आता हात. सर्वांत जास्त वेळा चुकतं ते हे. साध्या रंध्याच्या सवयीने माणूस फळीच्या जवळच्या टोकाला रंधा टेकवतो आणि एका दमात शेवटपर्यंत ढकलतो. काँबिनेशन रंधा उलटा चालवायचा. सुरुवात लांबच्या टोकापासून: शेवटच्या हातभर लांबीत छोटे छोटे फटके मारा, मग थोडं मागे सरका आणि मागून सुरू होणारा फटका आधीच्या खाचेत नेऊन सोडा. असं मागे मागे येत जवळच्या टोकापर्यंत या. पूर्ण लांबीचे फटके त्यानंतर. यात फायदा असा की रंधा भरकटला तरी तो पुढे आधीच कापलेल्या सरळ खाचेत जाऊन पडतो. जवळून सुरुवात केली आणि लाकडाच्या रेषेने त्याला ओढून नेलं तर ती चूक पूर्ण फळीभर पसरते.

दोन्ही हातांची कामं वेगळी ठेवा. उजवा हात फक्त पुढे ढकलतो, तोही मुठीच्या मागून सरळ. डावा हात फेन्सला फळीच्या काठाशी दाबून ठेवतो आणि दुसरं काहीही करत नाही. उजव्या हाताने खाली दाब दिला की रंधा कलतो आणि तळ उतरता होतो. हे ऐकायला सोपं वाटतं. अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या सरावासाठी ६ मिलिमीटर किंवा पाव इंची पातं घ्या, अर्ध्या हाताची फळी घ्या आणि बाकीची पाती डब्यातच राहू द्या.

पुसणं, मेण, आणि विसरलेला स्पर

रॉकेलचं फडकं स्केटच्या दोन्ही बाजूंवरून, रॉडवरून आणि फेन्सच्या तोंडावरून फिरवा. वाळलेलं तेल गोंदासारखं धरतं. मग स्केटच्या बाजूंना आणि फेन्सच्या लाकडी तोंडाला साधी मेणबत्ती घासा. रॉडला मेण लावू नका, तिथे पकड हवी.

यानंतर स्पर, म्हणजे पात्याआधी आडवे तंतू कापून ठेवणारी छोटी सुरी, बघा. स्टॅन्ले ४५ वर पात्याच्या पुढे, स्केटच्या बाजूला, तीन पाकळ्यांचं एक छोटं चाक असतं आणि ते एवढुशा स्क्रूने बसवलेलं असतं. तीन पाकळ्या कापणाऱ्या, चौथी बाजू रिकामी. लाकडाच्या रेषेला आडवी खाच मारताना पाकळी खाली करायची. रेषेच्या दिशेने मारताना रिकामी बाजू खाली. कोणीतरी शेवटचं आडवं काम करून पाकळी तशीच ठेवलेली असते, आणि नवा मालक उभ्या रेषेत खाच मारायला जातो. स्पर मग लाकडात स्वतःची वाट कोरत रंध्याला ओढत राहतो. स्क्रू अर्धा फेरा ढिला करा, चाक फिरवा, आवळा. स्क्रू पूर्ण काढू नका. तो जमिनीवर पडला की सापडत नाही, आणि त्याचे आटे आजच्या कुठल्याही स्क्रूशी जुळतील याची खात्री नाही.

आडव्या रेषेत काम करायचंच असेल तर दोन गोष्टी. फेन्स काढून टाका आणि फळीवर सरळ पट्टी क्लॅम्पने बांधून तिच्या आधाराने रंधा चालवा. आणि पहिले एक-दोन फटके उलटे, म्हणजे रंधा मागे ओढत द्या, म्हणजे स्पर रेषा कापून ठेवतील आणि मग पातं तंतू उचलेल. स्परला धार लावताना आतल्या बाजूने घासायचं. बाहेरची बाजू घासली तर तो पात्याच्या रेषेच्या आत जातो आणि कापतो ते उपयोगाचं राहत नाही.

धार

जुनी पाती कापतात असं दिसतं म्हणून लोक तशीच वापरतात. पण अरुंद पातं बोथट असलं तर ते लाकूड कापत नाही, दाबून तोडतं, आणि रंधा थरथरायला लागतो.

आधी पाठ. धारेजवळची काही मिलिमीटर पाठ पूर्ण सपाट आणि आरशासारखी हवी; बाकी पाठीवर डाग राहिले तरी चालतात. गंजाचे खड्डे धारेच्या रेषेतच असतील तर धार त्या प्रत्येक खड्ड्यापाशी तुटकी राहते आणि खाचेच्या तळावर तेवढ्या बारीक रेघा उमटतात. खड्डे उथळ असतील तर पातं मागे घासून खड्ड्याच्या पलीकडे न्या, खोल असतील तर दुसरं पातं शोधा.

मग कोन. स्टॅन्ले ४५ मध्ये पातं ४५ अंशांवर टेकतं, ढाळ (धारेचा तिरका घासलेला भाग) खाली. तुम्ही ३५ अंशांची धार लावलीत तर मागे १० अंशांची मोकळीक राहते, ती पुरते. आधीच्या मालकाने हाताने घासत घासत धार ४५ अंशांच्या जवळ नेलेली असेल तर ढाळाची टाच लाकडावर टेकते आणि पातं कितीही धारदार असलं तरी ते नुसतं सरकतं. "धार तर आहे, केस कापतो, पण लाकूड कापत नाही" या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. ३० ते ३५ च्या दरम्यान ठेवा.

धार बाजूंशी काटकोनात आहे का हे छोट्या गुण्याने बघा. आणि पातं धारेपाशी सर्वांत रुंद असायला हवं. वरच्या टोकावर हातोडीचे घाव बसून कडा बाहेर फुललेल्या असतील तर त्या कानशीने उतरवा, नाहीतर पातं जागेवर सरळ बसत नाही. कंगोऱ्यांच्या पात्यांना दगड नव्हे, गोल दांडीवर पॉलिश पेपर गुंडाळून, प्रोफाइलला धक्का न लावता, मुख्यतः सपाट पाठीवर काम करा. त्यांचा आकार एकदा बिघडला की तो परत आणणं मोठं काम आहे.

खरी जागा: पात्याच्या कडा आणि स्केटच्या बाजू

अडणाऱ्या रंध्यांपैकी बहुतेकांचा दोष इथे निघतो, म्हणून इथे थोडं थांबू.

खाच जेवढी रुंद पातं कापतं तेवढीच असते. तिच्यातून स्केट जायला हवेत. म्हणजे पात्याची बाहेरची कड मुख्य स्केटच्या बाहेरच्या बाजूपेक्षा कणभर बाहेर असली पाहिजे: एका साध्या कागदाच्या जाडीइतकी. कड स्केटच्या बरोबरीत किंवा आत असेल तर खाच स्केटपेक्षा अरुंद होते, आणि रंधा जसजसा खोल जातो तसतसा भिंतींत पकडला जातो. वर, उथळ असताना, काहीच जाणवत नाही. म्हणूनच "सुरुवातीला छान चालतो". उलट कड फार बाहेर असेल तर रंधा अडत नाही, पण स्केटचा आधार सुटल्यामुळे भिंत ओबडधोबड होते आणि रंधा खाचेत डुलतो.

हे तपासायचं कसं? रंधा उलटा धरा. एक सरळ, गुळगुळीत लाकडी पट्टी स्केटच्या बाहेरच्या बाजूला चपटी टेकवून पुढून पात्याकडे हळूच सरकवा. पात्याच्या कोपऱ्यावर ती अगदी हलकी अडखळली पाहिजे. न अडखळता पुढे गेली तर पातं आत आहे. खट्टकन थांबली तर जास्त बाहेर. बोटाने तपासू नका, कोपरा बोटात शिरतो.

जुळवताना पातं धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट थोडा ढिला करा, पातं हवं तेवढं बाजूला न्या, आवळा आणि पुन्हा तपासा. आवळताना पातं हलतं, म्हणून आवळल्यानंतरची तपासणीच खरी. याच वेळी डोळ्यासमोर रंधा उलटा धरून, पुढून स्केटच्या रेषेत बघत, धार दोन्ही स्केटला समांतर आहे का तेही पाहा. एक कोपरा उंच दिसला तर छिलकाही तेच सांगेल: एका काठाला जाड, दुसऱ्या काठाला विरत गेलेला.

तरीही शंका असेल तर मार्कर घ्या. दोन्ही स्केटच्या दोन्ही बाजू काळ्या करा, शाई वाळू द्या, मग खाचेत चार-पाच फटके मारा. जिथे घासतंय तिथली शाई गेलेली असेल आणि लोखंड चमकत असेल. चमक पूर्ण लांबीभर असेल तर पातं आत आहे. फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाला तिरकस चमक, म्हणजे एका टोकाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे, असेल तर रंधा खाचेत तिरका चालतोय आणि दोष फेन्सचा आहे. ही एक युक्ती मला इतर सगळ्या मोजमापांपेक्षा जास्त उपयोगी वाटते, कारण ती रंधा चालत असतानाची गोष्ट सांगते, टेबलावर ठेवलेला असतानाची नाही.

सरकता भाग

दुसऱ्या स्केटलाही हाच नियम, आरशातल्यासारखा: त्याची बाहेरची बाजू पात्याच्या दुसऱ्या कडेच्या कणभर आत. तो कडेच्या बाहेर गेला तर तो कापलेल्या खाचेत न उतरता लाकडावर चढून बसतो, आणि दोन-तीन छिलक्यांनंतर काहीच निघत नाही. फार आत असला तर पात्याचा बाहेरचा कोपरा निराधार होतो आणि थरथरतो. पाव इंचाहून अरुंद पात्यांसाठी दुसऱ्या स्केटला जागाच उरत नाही. तेव्हा सरकता भाग काढून ठेवायचा आणि एकाच स्केटवर, हलक्या हाताने काम करायचं.

पातं काढा, दोन्ही भाग आवळा आणि रंधा काचेच्या जाड तुकड्यावर ठेवा. डुगडुगतो का? डुगडुगत असेल तर सगळे स्क्रू सोडा, दोन्ही स्केट काचेवर बोटांनी दाबून धरा आणि त्याच स्थितीत स्क्रू आवळा, आधी पुढचा थोडा, मग मागचा थोडा, मग दोन्ही पूर्ण. पुष्कळदा एवढ्याने काम होतं. तरीही डुगडुग राहिली तर बॉडी आणि सरकता भाग वेगवेगळ्या रंध्यांचे असण्याची शक्यता मोठी. बाहेरून सारखेच दिसतात, स्केटच्या उंचीत मात्र फरक असतो.

५५ वापरणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. त्याचा दुसरा स्केट वर-खालीही सरकतो, उंचसखल कंगोऱ्यांच्या पात्यांसाठी. साध्या खाचेसाठी तो मुख्य स्केटच्या बरोबर उंचीवर आणायला लोक विसरतात. नव्याने शिकणाऱ्याने ५५ घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासोबत पन्नासहून जास्त पाती येतात हे खरं, पण रुंद कंगोऱ्याचं पातं ढकलायला लागणारा जोर आणि त्यातून निघणारी फाटाफूट पाहिली की ती पाती डब्यातच राहतात.

फेन्स

फेन्सचा पुढचा भाग आणि मागचा भाग स्केटपासून सारख्याच अंतरावर हवा. पट्टीने मोजण्यापेक्षा एक लाकडी ठोकळा फेन्स आणि स्केटच्या मध्ये पुढे अडकवून बघा, मग तोच मागे. पुढे घट्ट आणि मागे सैल असेल तर रंधा पुढे जाताना आवळतो. पुढे सैल असेल तर काठापासून दूर पळतो. एक रॉडचा स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की हा तिरकेपणा हमखास येतो, म्हणून दोन्ही आळीपाळीने.

फेन्सचं तोंड स्केटला काटकोनात आहे का तेही गुण्याने बघा. जुन्या रंध्यांवर शिसवीची पट्टी लावलेली असते आणि ती झिजून खालून आत गेलेली असते. तिला न छेडता, फेन्समध्ये जी भोकं असतात त्यांतून कठीण लाकडाची नवी पट्टी लावा: फेन्सपेक्षा थोडी लांब, दोन बोटं खाली उतरणारी, तोंड साध्या रंध्याने सरळ केलेलं. लहान लोखंडी फेन्सवर डाव्या हाताला आधार कमी मिळतो. लांब आणि खोल पट्टीवर रंधा आपोआप उभा राहतो. या एका पट्टीने अडचण सुटलेले रंधे मी इतके पाहिले आहेत की मी ती आता न विचारताच लावतो.

छिलके अडकणं, पातं मागे सरकणं, खोली बदलणं

हे तिन्ही दोष छोटे, म्हणून एकत्र.

छिलका दोन भागांच्या मधल्या फटीत किंवा क्लॅम्पच्या टोकाखाली शिरतो आणि तिथे गोळा होतो. क्लॅम्पचं टोक पात्याला चिकटून बसलंय का ते उजेडासमोर बघा. फट दिसली तर क्लॅम्पची खालची कड बारीक कानशीने सपाट करा. अडकलेला छिलका बोटाने ओढू नका, काडीने काढा. आणि पातं थोडं आत घ्या. बारीक छिलका वळतो आणि बाहेर पडतो, जाड छिलका मोडून अडकतो.

पातं मागे सरकत असेल तर बसायची जागा आणि पात्याची पाठ दोन्हींवरचं तेल पुसा. दुसऱ्या बनावटीचं पातं असेल तर त्याची जाडी वेगळी असू शकते आणि क्लॅम्प ते पुरेसं धरत नाही. अ‍ॅडजस्टिंग नटच्या खोबणीत पात्याची खाच नीट बसली आहे का तेही बघा.

डेप्थ स्टॉप घसरतो तेव्हा लोक थंब स्क्रू पकडीने आवळतात. पकड वापरायची नाही. स्क्रूच्या टोकाने दांडीवर खड्डा पाडलेला असतो आणि स्क्रू पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात घसरतो. दांडी बारीक पॉलिश पेपरने सारखी करा, कोरडी पुसा, बोटाने आवळा. हाच प्रकार रॉडवरही होतो: पकडीने आवळलेल्या स्क्रूंनी रॉडवर उंचवटे उठतात आणि सरकता भाग त्या उंचवट्यांवर तिरका बसतो. ते उंचवटे कानशीने नुसते कापा, रॉड घासून बारीक करू नका.

अजून घेतला नसेल तर

निकेलचा मुलामा उडालेला असला तरी फरक पडत नाही. दिसायला वाईट, चालायला तसाच. खोकं, पाण्याच्या डागाची मूठ, हरवलेलं माहितीपत्रक यांवरून भाव पाडून घ्या, पण घ्या. मात्र फेन्स नाही, सरकता भाग नाही, दोन रॉडपैकी एक नाही किंवा पात्याचा क्लॅम्प-बोल्ट नाही, तर सोडा. ४५ सोबत रॉडचे दोन संच यायचे, आखूड आणि लांब. आखूड संच असला तरी बहुतेक कामं होतात. पाती किती आहेत यापेक्षा पाव इंच आणि तीन-अष्टमांश इंचाची सरळ पाती चांगली आहेत का ते बघा. विकणाऱ्याने उन्हात फोटो काढले असतील तर त्याला स्केट खालून, अगदी रेषेत दाखवणारा एक फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर कारण तुम्हाला कळलंच.

गंज काढताना एक काळजी. निकेल असलेला भाग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका, कोटिंगच्या कडांखाली आम्ल शिरतं. विजेने गंज काढणार असाल तर पाण्यात दुसऱ्या टोकाला जोडायला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही वापरू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

इथे थांबा

या रंध्यांच्या बॉडी, सरकते भाग आणि फेन्स बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. बीड वाकत नाही, तुटतं. स्केट वाकडा वाटला आणि वाइसमध्ये धरून हातोडीने सरळ करायचा मोह झाला तर हातोडी खाली ठेवा.

आधी तडा आहे का बघा. संशयाच्या जागी, विशेषतः रॉडच्या भोकांभोवती आणि स्केट बॉडीला मिळतो तिथे, रॉकेल लावा, पुसून कोरडं करा आणि खडूची भुकटी लावा. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उठते. अशी रेघ दिसली तर रंधा वापरणं त्याच क्षणी बंद. बिडाचं पितळी झाळकाम अनुभवी माणसाने, भाग सारखा तापवून आणि हळूहळू थंड करून करायचं असतं. दारोदारच्या वेल्डरने थंड बिडावर टाका मारला तर शेजारी नवा तडा जातो.

याशिवाय तीन प्रसंगी मशिनिस्टकडे जा. एक, भोकातले आटे गेले आहेत. जुन्या स्टॅन्ले स्क्रूंचे आटे पुष्कळदा प्रमाणित मापाचे नसतात, आणि जवळच्या मापाचा स्क्रू जबरदस्तीने फिरवला की राहिलेले आटेही जातात. दोन, स्क्रू आत तुटलाय. तेल सोडून एक-दोन दिवस ठेवा, तरी हलला नाही तर स्वतः ड्रिल घालू नका. ड्रिल कठीण स्क्रूवरून घसरून मऊ बिडात शिरतं. तीन, काचेवर सगळं जुळवूनही स्केट एकमेकांशी समांतर येत नाहीत.

मशिनिस्टकडे जाताना रंधा पुसून, पातं काढून, जोडीचे सगळे मूळ स्क्रू एका पिशवीत घालून न्या. त्याला "रंधा दुरुस्त कर" असं सांगू नका; त्याने असा रंधा पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. काळ्या मार्करने स्केटवर घासलेली जागा दाखवा, काचेवरची डुगडुग दाखवा, आणि कुठल्या बाजूला हात लावायचा नाही ते खडूने खूण करून सांगा. स्केट घासून सरळ करायचा असेल तर तो किती पातळ होईल ते आधी विचारा, कारण स्केट पातळ झाला की पात्याला आधार कमी. तो खर्च ऐकून मोडक्या, पण चांगल्या बॉडीचा दुसरा रंधा सुट्या भागांसाठी घेणं स्वस्त पडतंय असं दिसलं तर तेच करा.